काटा घेतला

माझ्या दादाला कारखान्यात लहानथोर सगळे काटेमामा म्हणायचे. स्वभावानं काटेकोर म्हणून नव्हे. तसा तो आहेच, आणि त्यापायी मी जन्मभर पुरेशी वैतागले आहे. नाव पडलं ते बॉयलरच्या काट्यावरून. कापड रंगवायच्या कारखान्यात यानं उभी हयात बॉयलरवर काढली. वाफेचा दाब दाखवणारं गोल, घड्याळासारखं डबडं असतं, त्यातल्या काट्यावर याची नजर चोवीस तास. तुमच्याशी बोलताना तोंड तुमच्याकडे आणि डोळे काट्याकडे. घरी आला तरी तीच तऱ्हा. काटा असलेली कुठलीही वस्तू दिसली की हा आधी काचेवर बोटानं टिचकी मारणार आणि मगच वाचणार. टिचकी कशाला, तर काटा कधीकधी अडकून बसतो म्हणे. दवाखान्यात वजन करायला उभा केला तर तिथल्याही काट्याला वाकून टिचकी मारून आला. मला मेलीला मान खाली घालून उभं राहावं लागलं.

वडील लवकर गेले तेव्हा याला मिसरूड फुटायचं होतं आणि मी पाटीवर रेघोट्या ओढत होते. आईच्या हाताला जेमतेम काम. एका शेजाऱ्यानं याला बॉयलर-घरात नेऊन उभं केलं, ते हा तिथून केस पांढरे झाल्यावरच बाहेर पडला. स्वतःचं लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायचा, पाळ्यांचं जमत नाही. आता पाळ्या करणारी माणसं काय लग्नं करत नाहीत? पण त्याच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

त्या बॉयलर-घरात एक रीत होती, ती आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. पाळी संपली म्हणून बॉयलरवाल्यानं डबा उचलून चालू पडायचं नाही. पुढच्या पाळीचा माणूस आत येणार, पाण्याची पातळी दाखवणारी काच बघणार, काट्यावर टिचकी मारणार आणि तोंडानं म्हणणार, 'घेतला.' म्हणजे काटा घेतला, आता हा माझ्याकडे. तो शब्द कानावर पडेपर्यंत पहिल्यानं जागचं हलायचं नाही, मग भोंगा वाजून गेलेला असो की आभाळ कोसळलेलं असो. बाकीचे लोक दारातूनच 'घेतला रे' असं ओरडत यायचे आणि पहिला त्यांना धक्का देऊन पळायचा. दादाला ते खपायचं नाही. टिचकी ऐकू आली पाहिजे, शब्द ऐकू आला पाहिजे, तेव्हा हा खुंटीवरचा शर्ट काढणार.

माझ्या लग्नाच्या दिवशी पुढच्या पाळीचा माणूस उगवलाच नाही. मी नव्या कपड्यांत दाराकडे डोळे लावून बसलेली. आई पुन्हापुन्हा रस्त्यापर्यंत जाऊन येत होती. माणसं जेवून गेली, खुर्च्या एकावर एक चढल्या, तेव्हा हा आला. हात कोपरापर्यंत धुतलेले, त्याच्या वर सगळी काजळी. म्हणाला, "कुणी घेतलाच नाही गं." बस, एवढंच. इतकी वर्षं झाली, पण आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. माझ्या यजमानांना मात्र त्याचं फार कौतुक वाटलं. म्हणाले, असा मेहुणा असल्यावर आपल्याला कसली काळजी.

काळजी नव्हतीच, पण तेच अचानक गेले. पदरी मूल नाही, सासरी कुणी विचारणारं नाही. आईही तोवर गेली होती. एक पत्र्याची पेटी घेऊन मी दादाच्या दारात उभी राहिले. त्यानं काय झालं, कसं झालं, किती दिवस राहणार, काही म्हणजे काही विचारलं नाही. माझ्या हातातून पेटीची कडी सोडवली, झाकणावर टिचकी मारली आणि म्हणाला, "घेतला." रडता रडता मला हसू फुटलं. अरे, पेटी आहे ती, 'घेतली' म्हण! माणसाला सगळ्या जन्मात एकच शब्द यायचा, आणि तोही पुल्लिंगी.

तेव्हापासून आम्ही दोघं. दोन खोल्या, तिसरा मजला, जिना अरुंद. प्रत्येक मजल्यावर विजेच्या मीटरांची रांग. तो निवृत्त झाला तेव्हा मला वाटलं, आता तरी हा माणसात येईल. कसलं काय! घरात काटा नाही म्हणून याला करमेना. मग माझ्या कुकरच्या शिट्टीवर पहारा सुरू झाला. मी म्हटलं, दादा, हा माझा बॉयलर आहे, इथे तुझी पाळी नाही.

मग त्याचं हृदय दमलं. फुटलं नाही, बंद पडलं नाही, दमलं. डॉक्टरांनी सांगितलं की पंप थकला की पाणी पुढे ढकललं जात नाही, ते मागे तुंबतं आणि फुफ्फुसात साचतं. दादाला हे एका वाक्यात कळलं. मला कळलं ते त्याला दोनदा धाप लागून दवाखान्यात न्यावं लागलं तेव्हा. दुसऱ्या खेपेला तर तो बसल्या जागी बुडत होता. कोरड्या खोलीत, कोरड्या खुर्चीवर माणूस बुडताना मी पाहिलाय. शत्रूवरही ती वेळ येऊ नये.

तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, पुन्हा असं पाणी भरलं तर हे हृदय तग धरेल असं मी सांगू शकत नाही. पाय सुजतात, धाप लागते, तोवर फार उशीर झालेला असतो. आतला दाब त्याच्या कितीतरी आधी चढायला लागतो. तो चढतानाच कळला पाहिजे. आणि त्यासाठी त्यांनी ते यंत्र सुचवलं.

यंत्र म्हणजे काय, तर शर्टाच्या बटणाहून लहान अशी एक चपटी वस्तू आणि तिच्या दोन्ही टोकांना केसासारख्या तारेची वेटोळी. जांघेतल्या शिरेतून नळी घालून ती हृदयापार नेतात आणि फुफ्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत ठेवून देतात. ती तिथेच राहते, कायमची. तिला बॅटरी नाही, वायर नाही. घरी एक जाडजूड उशी देतात आणि तिला जोडलेलं, काच असलेलं एक बोलकं डबडं. सकाळी त्या उशीवर पाठ टेकून सपाट पडायचं आणि बटण दाबायचं. उशीतून लहरी निघतात, त्या लहरींवरच आतली वस्तू जागी होते, दाब सांगते आणि पुन्हा गप्प होते. तो आकडा आपल्या आपण दवाखान्यात पोचतो.

दादाचे डोळे असे चमकले की मला वाटलं, हा आता ती वस्तू घरी खेळायला मागतो. ती गंजत नाही का, तारेवर गाळ बसत नाही का, अडकली तर टिचकी कशी मारणार, सगळं विचारून झालं. डॉक्टर बिचारे हसून उत्तरं देत होते. शेवटी यानं विचारलं, "आणि काटा कुठं दिसणार?"

डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला नाही दिसणार, काका. तो इथे आमच्या सिस्टरना दिसेल."

आयुष्यात पहिल्यांदाच एक काटा असा निघाला होता की जो याच्याच छातीत आणि यालाच दिसत नाही.

तर ती सिस्टर. आम्ही तिला फोनवाली म्हणायचो, कारण तोंड कधी पाहिलं नव्हतं, नुसता आवाज. खरं सांगते, सुरुवातीला मला ती आवडली नाही. मी या माणसाचं सगळं करायचं, अळणी जेवण करून त्याची बोलणी खायची, आणि ही कोण कुठली पोरगी गावाच्या दुसऱ्या टोकाला बसून माझ्या भावाच्या छातीत डोकावते! पण एकदा सकाळी तिचा फोन आला की काका, आज जरा वर दिसतंय, पाण्याची गोळी एक जास्त घ्या. पाण्याची गोळी म्हणजे लघवीवाटे अंगातलं पाणी काढणारी. दादा म्हणाला, मला तर काहीच होत नाहीये. तरी घेतली. दुसऱ्या दिवशी बूट घालताना त्याच्या लक्षात आलं की बूट सैल झालेत. म्हणजे पायांना सूज होती आणि ती पायांच्या मालकाला माहीत नव्हती, पण त्या पोरीला माहीत होती. दादा कितीतरी वेळ एक बूट हातात धरून बसला होता. "हिला बॉयलरवर ठेवायला हवी होती," म्हणाला. त्याच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही.

असं छान चाललं होतं. एकदा मात्र तिचे लागोपाठ फोन आले. आज वर आहे, आजही वरच आहे, गोळी वाढवा. दादा अस्वस्थ झाला. रीडिंगमध्ये काहीतरी घोळ आहे, असं पुटपुटत होता. मग त्यानं काय ठरवलं कुणास ठाऊक, पण फोन थांबले. गोळी पुन्हा पहिल्यासारखी झाली. रोज सगळं ठीक. दादा खूष, म्हणून मीही खूष.

आता माझी मेलीची अक्कल कुठे गेली होती बघा. फोन येत नव्हते, पण दादाचं जिन्यातलं वागणं बदललं होतं. प्रत्येक मजल्यावर थांबून तो विजेचे मीटर वाचायचा. आपला तर आपला, शेजाऱ्यांचेही. मला वाटलं, आला मूळ स्वभावावर. शेवटी एक दिवस मी दोन पायऱ्या मागे होते आणि पाहिलं, तर मीटरकडे तोंड होतं पण डोळे मिटलेले. भिंतीला हात लावून श्वास गोळा करत होता. मग बाकीचं दिसायला लागलं. बुटाच्या नाड्या पार सैल सोडलेल्या. पलंगावर पडल्यापडल्या पुन्हा उठून खुर्चीत जाऊन झोपायचा. विचारलं तर म्हणे पाठ धरते. आणि वर मलाच ऐकवायचा, अगं, काही असतं तर फोन आला नसता का?

मला त्या यंत्राचा असा राग आला म्हणून सांगू! म्हटलं, जळलं ते बटण आणि जळली ती उशी. माणूस डोळ्यांदेखत फुगतोय आणि हे आपलं सगळं ठीक, सगळं ठीक. मी फोन करून त्या पोरीला चांगली फैलावर घेणार होते. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. तेवढ्यात दुपारी तिचाच फोन आला. दादा खुर्चीत पेंगत होता, म्हणून मी घेतला आणि तोंड उघडणार, तर तीच म्हणाली, "मावशी, एक विचारायचं होतं. काकांचा आकडा पट्टीनं आखल्यासारखा सरळ येतोय. पण तो येण्याची वेळ रोज पुढे सरकतेय. काका हल्ली उशिरा उठतात का?"

उशिरा? आणि तो? या माणसाच्या अंगात अजून पहिली पाळी आहे. सूर्यानं याला विचारून उगवावं असं याचं उठणं. मी तसं तिला सांगितलं आणि सांगता सांगता मला चहा आठवला. रीडिंग होईपर्यंत दादा तोंडात पाणीही घालत नाही, चहा त्यानंतर. आणि गेले कित्येक दिवस मी चहा टाकते, हा येत नाही, मी झाकण ठेवते, पुन्हा गरम करते, पुन्हा झाकण ठेवते. आधी एकदा गरम करावा लागायचा. हल्ली तर मी पहिला ओतूनच देत होते. त्यावरून आमची भांडणंही झाली होती. लवकर उठायचं आणि उशिरा उशीवर पडायचं. मधल्या वेळात हा करतो काय?

सिस्टरनं माझ्याकडून जिना, नाड्या, खुर्ची सगळं काढून घेतलं. तिचा आवाज एकदम बदलला. म्हणाली, रात्रीत धाप वाढली तर थांबू नका, लगेच निघा. नाहीतर सकाळी त्यांना घेऊन याच, मी डॉक्टरांना सांगून ठेवते. पण त्याआधी उठल्या उठल्या, काहीही न करता, त्यांना तसंच उशीवर झोपवा. मला त्यांचा खरा आकडा बघायचाय.

दादाला सांगितलं तर म्हणाला, मी रोज खराच पाठवतो, अगदी व्यवस्थित. तो इतका निर्मळपणे म्हणाला की मी पुढचं विचारणं सकाळवर टाकलं.

पहाटे त्याच्याआधी मी उठले. गोळ्यांची पट्टी उचलून कमरेला खोचली आणि त्याच्या खोलीत जाऊन बसले. तो खुर्चीतच जागा झाला, हात सवयीनं गोळ्यांच्या जागेकडे गेला. तिथं काही नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, गोळी दे. मी म्हटलं, आधी उशी. तेव्हा त्यानं नव्या माणसाला शिकवावं तसं, मधेमधे श्वास घेत, मला शांतपणे समजावून सांगितलं. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते काचेच्या नळीत दिसतं. पण नळीत गाळ अडकला की ते खोटं दिसतं. म्हणून आधी तोटी उघडून काच धुवायची, गाळाचं पाणी सोडून द्यायचं, मग ते स्थिर होऊ द्यायचं आणि मग वाचायचं. न धुतलेल्या काचेचं रीडिंग घेणारा माणूस बॉयलरवर उभा करण्याच्या लायकीचा नसतो. "ती पोर तिकडे एवढ्या लांब बसलीय," तो म्हणाला, "तिला घाणेरडं रीडिंग कशाला पाठवायचं?"

मी कपाळावर हात मारला. म्हणजे हा रोज उठून आधी पाण्याची गोळी घेत होता. मग पाय खाली सोडून ताठ बसायचा. पुन्हापुन्हा मोरीत जाऊन पाणी सोडून यायचा. श्वास लागेनासा झाला, आतलं सगळं स्थिर झालं असं वाटलं, की मग उशीवर पडायचा. जसजसं पाणी वाढत गेलं तसतसा स्थिर व्हायला वेळ जास्त लागत गेला, आणि हा इमानदारीत तेवढा जास्त थांबत गेला. दिवसातला सगळ्यात चांगला आकडा निवडून पाठवत होता आणि त्याला तो खरा समजत होता. यात लबाडी नव्हती हो. लबाडी असती तर मी चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. हा आपला धर्म पाळत होता आणि त्या पाळण्यात मरत होता.

माझा आवाज चढला. म्हटलं, "दादा, तू बॉयलरवाला होतास. आता तू बॉयलर आहेस. बॉयलर कधी स्वतःची काच धुतो का?"

इतक्या वर्षांत मी त्याला पुष्कळ बोलले आहे, पण ते सगळं त्याच्या अंगावरून जायचं. हे आत गेलं. त्यानं एकदा स्वतःच्या छातीकडे पाहिलं, मग पाय उचलून पलंगावर घेतले आणि उशीवर पाठ टेकली. सपाट पडल्याबरोबर त्याचा श्वास घुसमटायला लागला. मी त्याचा हात धरला. नखं निळसर दिसत होती. तो उठला नाही. चढत्या काट्यासमोर हा माणूस आजवर एक क्षणही हातावर हात धरून बसला नव्हता. काहीही न करता त्याला तसं पडून राहावं लागत होतं, आणि तो राहिला. यंत्र एकदाचं 'झालं' म्हणालं तेव्हा मी देवाचं नाव घेतलं आणि त्याला पाठीला हात लावून बसता केला.

मी उठून उभी राहते न राहते तोच फोन वाजला. गाडी पाठवलीय, म्हणाली, काकांना उशा लावून बसवून ठेवा, गाडी आली की लगेच निघा, तोवर फोन ठेवू नका. मी त्याच्या चपला काढून ठेवल्या. गाडी खाली येऊन उभी राहिली, माणसं खुर्ची घेऊन वर आली, आणि हा पलंगाची कड धरून बसलेला. जागचा हलेना. मला म्हणाला, गोळी दे, काटा खाली आणतो, मग जाऊ. काटा वर असताना जागा सोडायची नसते. मी रागावले, हातापाया पडले, दवाखान्याच्या माणसांनी समजावलं. तो ओरडत नव्हता की भांडत नव्हता. फक्त मान हलवत होता. ओठ पांढरे पडले होते आणि बोटं कडेवर घट्ट आवळलेली. त्याला ओढून नेला असता तर जिन्यातच काहीतरी झालं असतं.

फोन अजून चालूच होता. मला काय सुचलं कोण जाणे, मी तो उचलून म्हटलं, "सिस्टर, का म्हणून विचारू नका. त्याला फक्त 'घेतला' म्हणा." आणि फोन त्याच्या कानाशी धरला.

पलीकडून तिचा आवाज आला, स्वच्छ, "काका, घेतला."

मी वाकले आणि यंत्राच्या काचेवर टिचकी मारली.

दादाची बोटं सुटली. खांदे उतरले. मला म्हणाला, "शर्ट दे." बाह्या घालून दिल्या, वरचं बटण त्यानं स्वतः लावलं आणि पाळी संपलेल्या माणसासारखा त्या खुर्चीत जाऊन बसला. जिन्यात एकाही मीटरकडे त्यानं पाहिलं नाही.

दवाखान्यात शिरेतून औषध दिलं, बादलीभर पाणी काढलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. याच्या पलीकडे ते काही बोलले नाहीत आणि मला ऐकायचंही नव्हतं. माझ्या जिवात जीव आला तो दादानं वॉर्डातलं जेवण अळणी आहे म्हणून तक्रार केली तेव्हा.

मग ती फोनवाली त्याला भेटायला वॉर्डात आली. मला वाटलं होतं, चांगली भारदस्त बाई असेल. ही तर काडीसारखी, मोठा चष्मा, केस कसेतरी वर बांधलेले. ज्यावर ती रोज त्याचा आकडा बघायची तो पडदा तिनं आपण होऊन त्याला दाखवला. त्यावर त्याचाच दाब लाटेसारखा वर-खाली पळत होता. दादा बराच वेळ बघत राहिला. मग बोट पुढे केलं आणि पडद्यावर टिचकी मारली. ती हसली नाही. उलट विचारलं, हे काय असतं, आणि त्या दिवशी मी काय घेतलं होतं? दादानं तिला सगळं सांगितलं, बॉयलर-घर, पाळ्या, रीत, सगळं. लग्नाचं मात्र सांगितलं नाही, ते मी सांगितलं.

आता रोज सकाळी तो डोळे उघडतो आणि तसाच उशीवर पडतो. गोळी नाही, मोरी नाही, काही नाही. न धुतलेली काच पाठवतो, असं अजूनही कुरकुरतो, पण पाठवतो. आकडा चढलेला असेल तरी पडून राहतो. लोकांना वाटेल, पडून राहण्यात काय मोठंसं? त्यांनी एकदा माझ्या दादाच्या जागी पडून बघावं. मला विचाराल तर त्यानं आयुष्यात केलेलं हे सगळ्यात अवघड काम आहे, आणि तो ते रोज करतो. थोड्या वेळानं फोनवर तिचा एका शब्दाचा निरोप येतो, 'घेतला'. मग हा उठतो आणि चहाला येतो.

एकदा ती रजेवर होती. तिच्या जागी कुणी दुसरी होती, तिला बिचारीला काय ठाऊक. आकडा ठीक होता म्हणून तिनं काही कळवलं नाही. मी चहा ओतला, तर दादा येईना. आत जाऊन पाहते तो हा उशीवर पडलेला, डोळे उघडे, छताकडे. काय झालं म्हणून घाबरून विचारलं, तर जरा ओशाळून म्हणाला, "अजून कुणी घेतला नाही."

मी तिथेच उभी राहिले. मला ती पत्र्याची पेटी आठवली आणि तिच्या झाकणावरची टिचकी. हा त्या दिवशी पेटीबद्दल बोलतच नव्हता. पेटीला 'घेतली' म्हणतात हे त्यालाही कळत होतं. त्यानं माझा भार घेतला होता आणि तो घेतल्याचं रीतीप्रमाणे तोंडानं सांगितलं होतं. इतकी वर्षं तो एकटाच त्या पाळीवर उभा होता आणि पुढच्या पाळीला कधी कुणी आलंच नव्हतं.

मी पलंगावर बसले. शर्टाच्या वरून त्याच्या छातीवर हलकेच टिचकी मारली.

"घेतला," मी म्हटलं.

दादानं माझ्याकडे पाहिलं. मग डोळे मिटून घेतले आणि उठायच्या ऐवजी कुशीवर वळून चक्क झोपून गेला. मी माझा चहा तिथेच आणून प्यायले. त्याचा गार झाला, होऊ दिला.